डबल बेलशिवाय एन्टर नाही

लातूरच्या ज्या कॉलेजात मी आता शिकवते, तिथल्या कॉम्प्युटर लॅबबाहेर चपला काढताना नवा माणूस हमखास थबकतो. आतून टकटक ऐकू येत असते. कुणी बाकावर पेन आपटतंय, कुणी पाण्याच्या बाटलीवर अंगठी वाजवतंय, कुणाच्या कंपासपेटीचं झाकण खडखडतंय. त्याला वाटतं, वर्गात शिक्षकच नाही. आमच्या प्राचार्यांनी एकदा दार किलकिलं करून विचारलं, "मॅडम, भजन चाललंय का?" मी म्हटलं, "नाही सर, गाडी चाललीय." त्यांनी दार लावून घेतलं. आणखी काही विचारलं तर ही बाई तासभर समजावत बसेल, हे त्यांना अनुभवाने माहीत आहे. त्यांना नाही सांगितलं, ते इथे सांगते.

ही टकटक माझी नाही. ती मी नांदेडहून आणली. तिथल्या एका तंत्रनिकेतनात मी काही वर्षं होते, आणि आमच्या विभागाच्या प्रमुख एक किनवटच्या मॅडम होत्या. वयाने माझ्यापेक्षा बऱ्याच मोठ्या, अंगाने बारीक, आवाज मात्र असा की पंखा, एसी आणि चाळीस पोरांचा गलका या सगळ्यांच्या वरून जायचा. घरी सकाळी बुद्धवंदना झाल्याशिवाय चहा नाही आणि लॅबमध्ये प्रश्न वाचल्याशिवाय बटन नाही, असे त्यांचे दोन नियम. पहिल्याशी माझा संबंध नव्हता. दुसऱ्याने मात्र मला सुरुवातीला फार छळलं.

मी लातूरजवळच्या मुरुडची. आमच्याकडे माणूस दुकानात शिरता शिरताच भाव विचारतो आणि उत्तर येईपर्यंत पुढच्या दुकानात असतो. माझं सगळं काम तसंच. त्यामुळे त्या वर्षी अभ्यासक्रमात सर्व्हरचं प्रात्यक्षिक आलं, तेव्हा मी एका दुपारीत सगळं उरकायच्या बेताने पदर खोचून तयार होते.

सर्व्हर म्हणजे असा कॉम्प्युटर, की ज्याच्याकडे बाकीचे कॉम्प्युटर मागायला येतात. फाईल द्या, पान उघडून द्या, मला आत येऊ द्या. त्याची ऑपरेटिंग सिस्टीमही वेगळी असते. तिच्यात रंगीत चित्रं नाहीत, खिडक्या नाहीत, नुसता काळा पडदा आणि त्यावर पांढरी अक्षरं. खरे सर्व्हर महाग, ते आमच्याकडे कुठले असणार. म्हणून लॅबमधल्या नेहमीच्याच कॉम्प्युटरवर ही सिस्टीम मुलांनी स्वतः चढवायची, असं ठरलं. अडचण एकच होती. त्या कॉम्प्युटरच्या जुन्या, मोठ्या डिस्कवर दुपारच्या वर्गाचं वर्षभराचं काम साठवलेलं होतं. ते हलवायला जागा नव्हती. मग प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये एक नवी, छोटी डिस्क बसवली. सर्व्हर छोटीवर चढवायचा, मोठीला हात लावायचा नाही. आणि सिस्टीम चढवताना निवडलेली डिस्क आधी कोरी पुसली जाते, त्यामुळे निवड चुकली की संपलं. त्यात सिस्टीम चढवणाऱ्या प्रोग्रामची एक खोड होती. तो विचारताना आपण होऊन मोठी डिस्कच पुढे करायचा.

मी मॅडमना म्हटलं, "सोपं आहे. एक कॉम्प्युटर मी नीट तयार करते. त्याची नक्कल काढून सगळ्यांवर ओतू. संध्याकाळच्या आत अख्खी लॅब तयार."

"अन् मंग पोरं काय करतील?"

"पोरं वापरतील."

"मंग शिकलं कोण? मशीनच शिकली की." मॅडम शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही मुरुडची माणसं लई घाईची हो. प्रत्येक जण आपल्या हातानं चढवंल. एकदा न्हाई, चार-चारदा. पुसायचं, परत चढवायचं."

मी कपाळाला हात लावला. कारण आमची पोरं काय करतात ते मला माहीत होतं. पडद्यावर काहीही आलं की न वाचता 'नेक्स्ट', पुन्हा 'नेक्स्ट', शेवटी 'फिनिश'. इंग्रजी वाचायची धास्ती असली की माणूस वाचतच नाही, नुसतं बटन शोधतो. खेड्यातून आलेली पोरं तसं करत आणि इंग्रजी शाळेतून आलेलीही तसंच करत. या एका बाबतीत आमच्या वर्गात पूर्ण समता होती.

मॅडमनी त्यावर जो उपाय काढला, तो मी आजवर कुठल्या पुस्तकात पाहिला नाही. त्यांनी जोड्या पाडल्या. एकाने कीबोर्डपुढे बसायचं, तो ड्रायव्हर. दुसऱ्याने शेजारी उभं राहून पडद्यावरचा प्रश्न आपल्या भाषेत वाचून दाखवायचा, तो कंडक्टर. ड्रायव्हरने ठरवायचं नाही आणि कंडक्टरने कीबोर्डला शिवायचं नाही. कंडक्टरला प्रश्न कळला आणि उत्तर पटलं की त्याने दोनदा वाजवायचं, म्हणजे एस.टी.ची डबल बेल. मगच एन्टर दाबायचा. काही खटकलं तर एकदाच वाजवायचं. एक बेल म्हणजे ब्रेक. ड्रायव्हरने का, कशाला, काही विचारायचं नाही. आधी हात वर.

मॅडमचे वडील किनवट डेपोत कंडक्टर होते, हे मला तेव्हा कळलं. चढणारी शेवटची म्हातारी खाली टेकल्याशिवाय त्यांनी जन्मात डबल बेल दिली नाही, म्हणे. मागचे लोक ओरडायचे, ड्रायव्हर वैतागायचा, गाडीला रोज उशीर व्हायचा. "लोक त्यांना 'बसा-बसा कंडक्टर' म्हणायचे," मॅडम हसत सांगत. "पण त्यांच्या गाडीत कधी कोणी पडलं न्हाई. रिटायर झाले तवा डेपोनं नारळ दिला, अन् ड्रायव्हर रडला." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं, ते बघून मला माझ्या घाईची पहिल्यांदा थोडी लाज वाटली. थोडीच. स्वभाव काही एका गोष्टीने जात नाही.

आता त्या मुलीबद्दल सांगायला हवं, कारण माझ्या मनात ही सगळी आठवण तिच्यापाशीच येऊन थांबते.

ती किनवटच्या पुढच्या जंगलातल्या गावची. घरी गोंडी बोलत, शाळा निवासी, मराठी वसतिगृहात शिकलेली. डोकं स्वच्छ होतं, लेखी परीक्षेत तिचे पेपर तपासताना मी लाल पेन बाजूला ठेवायचे. पण ती बोलत नसे. नुसती लाजाळू म्हणून नाही, तोंड शिवल्यासारखी गप्प. याचं कारण मी पहिल्याच आठवड्यात डोळ्यांनी पाहिलं होतं. मॅडमनी वर्गात विचारलं, "समजलं का?" ती पटकन म्हणाली, "हाव." आता नांदेड-किनवटकडे हाव म्हणजे होय, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण लातूर शहरातली एक चुरचुरीत मुलगी शेजारून म्हणाली, "कशाची हाव गं?" वर्ग खो-खो हसला. पुस्तकातली हाव म्हणजे लोभ, तेवढाच काय तो विनोद. मीही गालात हसले असेन. त्या दिवसापासून तिने तोंड मिटलं.

पहिल्या सत्राच्या तोंडी परीक्षेत परीक्षकांनी तिला काय काय विचारलं, आणि ती जमिनीकडे बघत उभी राहिली. नापास झाली. दुसऱ्यांदा तसंच झालं असतं तर वर्ष गेलं असतं. वसतिगृहातली जागा पास होणाऱ्यालाच मिळते. जागा गेली की नांदेडात राहणार कुठे, आणि त्या जंगलातून रोज येणं तर अशक्यच. थोडक्यात, तिने चार वाक्यं मोठ्याने बोलावीत एवढ्यावर तिचं शिक्षण टांगलेलं होतं. हे तिला माहीत होतं, मॅडमना माहीत होतं, मलाही माहीत होतं. माहीत असून जीभ सुटत नाही, यालाच भीती म्हणतात.

मॅडमनी तिला कंडक्टर केलं. आणि ड्रायव्हर म्हणून तिच्यापुढे कुणाला बसवलं? त्याच लातूरच्या चुरचुरीत मुलीला. तिची बोटं कीबोर्डवर इतकी पळायची की डोळे मागे राहायचे. मी मॅडमना बाजूला घेतलं. "अहो, हे काय करताय? ती हिला पुन्हा चिडवेल."

"आता कशी चिडवंल? हिनं वाजवल्याशिवाय तिची गाडीच हालत न्हाई."

"पण ही वाचून दाखवणार कशी? ही तर बोलतच नाही."

"मनात वाचंल. बोलायचं नसंल तर नुसतं वाजवू द्या."

मग मला राहवेना. "मॅडम, तोंडी परीक्षेत टकटक करून मार्क मिळतात का?"

मॅडम रागावल्या नाहीत. "तुम्ही एस.टी.त जागा कशी धरता?"

"खिडकीतून रुमाल टाकून."

"मंग? आधी रुमाल पडतो, माणूस मागून चढतं. तिचा रुमाल तरी आत पडू द्या."

मी मुकाट्याने जोड्यांच्या यादीत त्या दोघींची नावं लिहून टाकली.

पहिले काही दिवस लॅबचा नुसता ताशा झाला. आणि मग जे व्हायचं ते झालं. एका कोपऱ्यातल्या कंडक्टरने दोनदा वाजवलं, आणि शेजारच्या बाकावरच्या ड्रायव्हरला वाटलं आपलीच बेल. त्याने एन्टर दाबला. त्याच्या पडद्यावर मोठी डिस्क निवडलेली होती, त्याचा कंडक्टर अजून पहिली ओळ वाचत होता. दुपारच्या वर्गाचं त्या कॉम्प्युटरवरचं काम बघता बघता पुसलं गेलं. अशी चूक जगात दुसऱ्या कुठल्या लॅबमध्ये होणं शक्य नव्हतं. भर स्टँडवर दुसऱ्या गाडीच्या बेलवर आपली गाडी सोडण्यातला प्रकार.

दुपारच्या वर्गाचे सर तणतणत आले. त्यांचं चुकलं नव्हतं. मी आपल्या पोराची बाजू घ्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात मॅडम पुढे झाल्या. "सर, पोराची चूक न्हाई. सगळ्यांची बेल एकसारखी ठेवली मी. ते माझ्या ध्यानात यायला पाहिजे होतं." एवढं बोलून त्या थांबल्या नाहीत. पुढचे काही दिवस दुपारी जेवणाचा डबा आटपून मॅडम त्या सरांच्या वर्गात जाऊन बसत, आणि ज्यांचं काम गेलं होतं त्या मुलांबरोबर ते पुन्हा उभं करत. मी इतक्या विभागप्रमुखांच्या हाताखाली काम केलंय, चूक अंगावर घेणारे मला मोजकेच भेटले. चूक घेऊन वर ती निस्तरायला बसणाऱ्या या एकट्याच.

मला वाटलं, आता तरी माझी नक्कल काढायची युक्ती मान्य होईल. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मॅडमनी फक्त नियमात एक ओळ वाढवली. ज्याची त्याची बेल वेगळी पाहिजे. मग पोरांनी घरून काय काय आणलं. कुणी पितळी पळी, कुणी किल्ल्यांचा जुडगा, एकाने तर बैलाच्या गळ्यातली घुंगरं आणली, ती मॅडमनी परत पाठवली. त्या मुलीने काही आणलं नाही. तिने केसातला लोखंडी चाप काढला आणि बाकाच्या लोखंडी पायावर हलकेच मारून बघितला. टण्ण. अगदी एस.टी.च्या दोरीवरची बेल. मॅडम चमकून वळल्या. नंतर मला म्हणाल्या, "काळजात वाजली हो."

हळूहळू त्या बेलची आम्हाला सवय झाली. लातूरची मुलगी प्रश्न आला की हात मांडीवर ठेवून मान वर करी आणि वाट बघे. सुरुवातीला तोंड वाकडं करून, मग नुसतीच. एकदा मी मागे उभी असताना ती हळूच म्हणाली, "काय विचारायलाय गं त्यो? मला न्हाई कळालं." आणि ही तितक्याच हळू कानात काहीतरी बोलली. काय ते मला ऐकू आलं नाही. मी पुढे गेले, कारण मी थांबले असते तर ते बोलणं थांबलं असतं.

परीक्षेच्या थोडे दिवस आधीची दुपार मला लख्ख आठवते. बाहेर नांदेडचं ऊन, आत लाईट जाऊन नुकतीच आलेली, एसी अजून दम घेत होता. मॅडम शेवटची उजळणी म्हणून स्वतः कीबोर्डपुढे बसल्या, सगळे भोवती गोळा झाले. त्या भराभर करत गेल्या. रोजची वहिवाट, आणि त्या दिवशी घाईही होती. त्यांना कंडक्टर कुणी नेमलेलाच नव्हता. डिस्क निवडली, पुसण्याचा प्रश्न आला, बोट एन्टरकडे गेलं.

टण्ण.

एकच बेल. मॅडमचा हात जागच्या जागी थांबला, मग वर गेला. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही त्यांनी. शिंक आल्यावर डोळे मिटावेत इतक्या आपोआप हात वर.

सगळे त्या मुलीकडे बघायला लागले. चाप तिच्या हातात होता आणि चेहरा पांढराफटक पडला होता. मी पडदा वाचला. छोटीच डिस्क निवडलेली होती. मॅडम बरोबर होत्या. मुलीला डिस्कच्या आकाराचा आकडा दुरून नीट दिसला नव्हता. कुणीतरी खुसखुसलं, आणि मला वाटलं, गेलं, पोर आता कायमची मिटली.

मॅडम खुर्चीसकट वळल्या. "हसलं कोण? इकडं ये, ड्रायव्हर हो." कोणी आलं नाही. मग त्यांनी मुलीला जवळ बोलावलं. "बेटा, पुन्हा बघ. कोणची हाय?" तिने वाकून बघितलं. ओठ हलले, आवाज आला नाही. "बारकीच हाय ना? बरं. पण तुला शंका आली, तू वाजवली. बरोबर केलं." मग वर्गाकडे बघून म्हणाल्या, "फुकट ब्रेक लागला तर पिशवी पडती. न लागला तर माणूस पडतं. ध्यानात ठेवा." आणि पुन्हा कीबोर्डकडे वळून त्या हात मांडीवर ठेवून बसून राहिल्या. विभागप्रमुख बाई, इतक्या वर्षांची नोकरी, बरोबर उत्तर समोर असताना एका घाबरलेल्या पोरीच्या डबल बेलची वाट बघत बसल्या. शेवटी टण्ण-टण्ण झालं, आणि मगच त्यांनी एन्टर दाबला.

मी पुष्कळ शिक्षक पाहिलेत जे नियम उत्तम करतात. स्वतः केलेला नियम भर वर्गात आपल्यावर उलटला तर तो पाळणारी माणसं थोडी. त्या दुपारी मला मॅडमबद्दल जे वाटलं त्याला आदर हा शब्द फार थंड आहे. मला त्यांच्यासारखं व्हावंसं वाटलं, इतकंच सांगते.

परीक्षेला अंतर्गत परीक्षक म्हणून माझं नाव लागलं. मॅडमना आत यायची परवानगी नव्हती. बाहेर बसलेल्या जोड्यांना सांभाळून एकेक आत सोडायचं काम त्यांच्याकडे आलं. लॅबच्या दाराला वर दुधी काच होती. तिच्यातून त्यांच्या डोक्याची सावली तेवढी दिसायची.

बाहेरून आलेले परीक्षक वयस्कर, कमी बोलणारे गृहस्थ होते. बेलचा प्रकार मी त्यांना आधीच सांगून ठेवला होता. ते म्हणाले, "वाजवू द्या. मी उत्तरं ऐकायला आलोय, ती आली म्हणजे झालं."

त्या दोघींची जोडी आत आली. मुलीने चाप केसातून काढून हातात घेतला. सुरुवात चांगली झाली. प्रश्न येत होते, बेल वाजत होती, पडदा पुढे सरकत होता. परीक्षक काही बोलत नव्हते आणि मी मनात म्हणत होते, असंच राहू द्या. मग डिस्कचा प्रश्न आला. परीक्षेच्या धास्तीने लातूरच्या मुलीची बोटं पुन्हा जुन्यासारखी पळायला लागली होती. प्रोग्रामने पुढे केलेली मोठी डिस्क तिने तशीच ठेवली. सगळं पुसलं जाईल, पुढे जायचं का, असं पडद्यावर आलं. तिचं बोट निघालं.

टण्ण.

हात वर गेला. लातूरची मुलगी पडद्याकडे बघते आणि तिचा चेहरा उतरतो, हे मला दिसलं. तिला चूक कळली होती.

"का थांबवलं?" परीक्षकांनी विचारलं.

लातूरची मुलगी उत्तर द्यायला सरसावली. परीक्षकांनी हाताने तिला थांबवलं. "तुम्ही नाही. ज्यांनी वाजवली, त्यांनी सांगावं."

एसीची घरघर तेवढी होती. मुलगी जमिनीकडे बघत होती, अगदी मागच्या वेळेसारखी. उत्तर माझ्या ओठांवर होतं, लातूरच्या मुलीच्या ओठांवर होतं, आणि आम्हा दोघींनाही बोलता येत नव्हतं. परीक्षकांनी पेन उचललं. काचेपलीकडची सावली हलत नव्हती. मी मुलीच्या हाताकडे बघत होते. चाप तिने मुठीत घट्ट धरला होता.

"सर," ती म्हणाली. मग थोडं मोठ्याने, "सर, ही मोठी डिस्क हाय. हिच्यात दुसऱ्या वर्गाचं काम हाय. आपल्याला बारकीवर करायचं हाय. हिनं दाबलं असतं तर त्यांचं समदं गेलं असतं."

"गेलं तर परत आणता येत नाही का?"

"एखाद्या टायमाला येते. पण भरोसा न्हाई. आन् त्यांनी आपल्या भरोशावर ठेवलं हाय ना, सर."

परीक्षकांनी पेन खाली ठेवलं. "बारकी डिस्क सर्व्हरला पुरेल?"

"पुरते. चित्रं न्हाई, काही न्हाई, नुसता काळा पडदा हाय. त्याला लई जागा लागत न्हाई."

"नक्की?"

तिने मान वर केली. शेजारी लातूरची मुलगी बसली होती, समोर परका माणूस होता, आणि तोंडात तोच शब्द आला होता.

"हाव," ती म्हणाली.

कुणी हसलं नाही. लातूरच्या मुलीने छोटी डिस्क निवडली आणि हात मांडीवर ठेवून वर बघितलं. टण्ण-टण्ण. एन्टर दाबला गेला. माझे डोळे भरून आले, आणि मी कपाटातून काहीतरी काढत असल्याचं सोंग केलं.

दोघी बाहेर पडताना मुलीने चाप पुन्हा केसात खोचला आणि चपला घालून जिना उतरून गेली. पास झाल्याचं आणि वसतिगृहातली जागा राहिल्याचं कळायला अजून अवकाश होता. मी दारात गेले. मॅडम भिंतीला टेकून उभ्या होत्या. दुधी काचेतून त्यांना काही दिसलं नव्हतं आणि जाड दारातून बोलणंही ऐकू गेलं नव्हतं.

"एक वाजली," त्या म्हणाल्या. "मंग लई वेळ काहीच न्हाई. मंग दोन वाजल्या. मधी काय झालं?"

"बोलली."

"मोठ्यानं?"

"मोठ्यानं. सगळं सांगितलं तिने."

"अन् शेवटी? डबल बेल द्यायच्या आधी काय म्हणाली?"

"हाव म्हणाली."

मॅडमनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा घातला. काचा आधीपेक्षा ओल्या दिसत होत्या.

"चढली म्हणायची," त्या म्हणाल्या. पुढची जोडी घाबरून भिंतीशी उभी होती. मॅडमनी त्यांना दारापर्यंत आणलं, दोघं नीट आत शिरेपर्यंत थांबल्या, आणि मग चौकटीवर बोटाने दोनदा वाजवलं.